साठ किलो, तीस टक्के, दोन तास

एक हिशेब करून बघा. रात्रीचे अकरा वाजलेत. कॅज्युअल्टीत साठ किलो वजनाचा माणूस आणलाय, अंगाचा ३० टक्के भाग भाजलेला. भडका उडून दोन तास झालेत. नियम असा : दर किलोमागे, भाजलेल्या दर टक्क्यामागे २ मिलिलिटर सलाईन, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, उरलेलं पुढच्या सोळा तासांत. तर आत्ता ताशी किती सोडायचं?

दोन गुणिले साठ गुणिले तीस, ३,६०० मिलिलिटर. निम्मं १,८००. त्याला आठाने भागलं की २२५.

चुकलं. आठ तास मोजायचे ते भाजल्यापासून, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. दोन तास वाटेतच गेले, उरले सहा. म्हणजे ताशी ३००. (हीसुद्धा फक्त सुरुवात. पुढे लघवी किती होते ते बघत धार कमी-जास्त करायची.)

पहिलीतलं गणित आहे, पण करायचं कुठे? पेशंट ओरडतोय, दाराशी वीस नातेवाईक, सिस्टर शिरेचा शोध घेतेय आणि बाजूच्या खाटेवर अपघाताची दुसरी केस. ताणाखाली माणूस विद्या विसरत नाही. वजाबाकी विसरतो, नाहीतर क्रम विसरतो. एका ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या डॉक्टर मैत्रिणीचा मोबाइल ड्युटीवर असताना प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत असतो. हातमोज्याला रक्त लागलेलं असलं तरी पिशवीवरून बोट फिरवता येतं. त्यात असंच एक ॲप आहे : वजन, टक्के आणि वेळ भरा, ताशी आकडा समोर. नेट नसलं तरी चालतं, आणि तिच्या लेखी त्याचा हाच सगळ्यात मोठा गुण.

या ॲपच्या मागे जी पद्धत आहे ती एका शेतातून निघाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान अमेरिकेत नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. रस्त्यावरची गाडी थांबवून त्यांनी मुलांना जवळच्या रुग्णालयात नेलं, तर तिथे दाराला कुलूप. ते उघडल्यावर जे उपचार झाले, त्यापेक्षा शेतात आपण स्वतः रिकाम्या हातांनी केलेले बरे होते, असं त्यांचं मत झालं. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी जखमींवरच्या पहिल्या उपचारांचा, डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम बांधला. १९७८ मध्ये पहिला वर्ग झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलून धरला. हेच एटीएलएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट. भारतात तो २००९ पासून शिकवला जातो, आणि त्याच्या पुस्तकाला जोडून मोबाइल ॲपही आहे.

त्यातली मुख्य गोष्ट इतकी साधी, की वाचताना हसू येतं : ए, बी, सी, डी, ई. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची शुद्ध, मग कपडे काढून सगळं अंग बघणं. जे आधी मारतं ते आधी बघायचं. मोडून लोंबणारा पाय भयंकर दिसतो, सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात. पण माणूस दगावतो तो घशात अडकलेल्या रक्ताने. ताज्या आवृत्तीत या एच्याही आधी एक ‘एक्स’ आलाय : भळाभळा वाहणारं रक्त सगळ्यात आधी दाबून धरा.

म्हणजे मुळाक्षरंसुद्धा बदलतात. भाजलेल्यांसाठी वर २ मिलिलिटर म्हटलं, तिथे आधी २ ते ४ होते. प्रौढांसाठी ते २०१८च्या दहाव्या आवृत्तीत २ वर आले, कारण जादा पाण्याने अंग सुजतं, फुप्फुसं भरतात. त्याच आवृत्तीने सुईची जागाही हलवली. फाटलेल्या फुप्फुसातली हवा छातीत कोंडत गेली, की ती हृदयाला एका बाजूला ढकलते, शिरा पिळल्यासारख्या होतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी सुई टोचून हवा मोकळी करावी लागते. पूर्वी ती सगळ्यांनाच वर, गळपट्टीच्या हाडाखाली बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत टोचत. पण जाड छातीच्या माणसात सुई आतपर्यंत पोचतच नव्हती. म्हणून प्रौढांसाठी ती खाली, काखेच्या रेषेत चौथ्या-पाचव्या फटीत आली. लहान मुलांसाठी मात्र जागा जुनीच. भिंतीवरच्या तक्त्याला हे कोण सांगणार? तो डकवला त्या वर्षीचाच राहतो. ॲप अपडेट होतं, अर्थात करणाऱ्याने केलं तर.

त्याचं आंधळेपणही माहीत हवं. नुसती लाल झालेली कातडी टक्क्यांत धरायची नसते. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का. घाईत कुणी लाली धरून तीसचे पंचेचाळीस केले, तर ॲप तितक्याच शांतपणे ५,४०० मिलिलिटर सांगेल. शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचंही तसंच : डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५ पर्यंत; आठ किंवा कमी आले तर नळी घालून श्वासमार्ग सांभाळायची वेळ. बेरीज यंत्र करतं. हात झटकला की नुसता आखडला, हे बघायला डोळेच लागतात.

आणि सगळ्यात अडचणीचा रकाना आहे वेळेचा. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध आपल्याकडे पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांना गोळ्यांच्या रूपात ओळखीचं आहे. ते रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. ४० देशांतल्या, त्यात भारतही होता, २०,००० हून जास्त जखमींवर झालेल्या क्रॅश-२ या चाचणीने २०१० मध्ये दाखवलं, की शिरेतून दिल्यास रक्तस्रावी जखमींचे मृत्यू त्याने कमी होतात. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची फोड केल्यावर दिसलं, की पहिल्या तासात दिलं तर फायदा सर्वांत जास्त, आणि तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो.

म्हणून डॉक्टर विचारतो, “ॲक्सिडेंट किती वाजता झाला?” पेशंट बेशुद्ध, नातेवाईक मागून आलेले. “नऊ-साडेनऊ झाले असतील, साहेब.” तीन तासांच्या काठावर ही अर्ध्या तासाची सूट फार महाग. मैत्रिणीने आता प्रश्नच बदललाय. ज्याने रस्त्यावरून उचलून आणलं त्याला ती म्हणते, “दादा, १०८ला फोन तुम्हीच लावलात ना? तुमच्या मोबाइलात बघा, कितीला लावला.” ९ वाजून ७ मिनिटं.