प्राणिपेशीचे पटल आणि परासरण

प्राणिपेशीला वनस्पतिपेशीसारखी भित्तिका नसते. आतला पेशीद्रव आणि बाहेरचा द्रव यांच्यामध्ये असते ते फक्त पेशीपटल, जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे. त्यातून पाणी ये-जा करते; क्षार, शर्करा आणि प्रथिनांना मात्र तशी मुभा नसते. परासरणाचे, म्हणजे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या ओढीचे, सारे परिणाम या भेदभावातून निर्माण होतात.

पटलाचा पाया फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंच्या दुहेरी थराचा असतो. प्रत्येक रेणूचे डोके जलस्नेही (पाण्याकडे ओढले जाणारे), तर मेदाम्लांच्या दोन शेपट्या जलद्वेषी (पाणी टाळणाऱ्या). त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप डोकी बाहेर व शेपट्या आत अशा रचनेत लागतात. थर दुहेरी आहे, हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी दाखवले. तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून त्यांनी तो पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. गंमत म्हणजे सगळा मेद त्यांच्या हाती लागला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

या थरात प्रथिने रुतलेली असतात आणि बरीचशी त्यातून सरकतही असतात. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेले द्रायु-कुट्टिम प्रतिरूप (फ्लुइड मोझेक मॉडेल) याच कल्पनेवर उभे आहे. प्राणिपेशीच्या पटलात कोलेस्टेरॉलही भरपूर असते. ते पटलाला फार पातळ किंवा फार ताठ होऊ देत नाही.

विद्राव्य कण कमी असलेल्या बाजूकडून ते जास्त असलेल्या बाजूकडे निवडक्षम पटलातून पाणी जाणे म्हणजे परासरण. मेदाच्या थरातून पाणी झिरपते, पण सावकाश. तांबड्या रक्तपेशी किंवा मूत्रपिंडातील पेशी यांसारख्या ठिकाणी ते झपाट्याने जाते, ते ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या मार्गिकांमधून. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तांबड्या रक्तपेशींवर हे सगळे डोळ्यांना दिसते. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे समपरासारी (पेशीच्या आतल्याइतकीच कणसंख्या असलेल्या) द्रावणात, त्यांचा आकार बदलत नाही आणि मिश्रण गढूळ राहते. अतिपरासारी, म्हणजे त्याहून जास्त कण असलेल्या, द्रावणात पाणी बाहेर पडून त्या आक्रसतात, कडा काटेरी होतात. शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरते, दोन्ही बाजूंनी खोलगट असलेली पेशी आधी गोल होते आणि मग फुटते. हिमोग्लोबिन बाहेर येऊन नळीतले मिश्रण पारदर्शक लाल होते. पलीकडची छापील अक्षरे वाचता येतात. गोल होईपर्यंत पटल ताणावे लागत नाही, कारण चपट्या पेशीकडे पृष्ठभाग आधीच शिल्लक असतो. त्यापुढे मात्र ते काही टक्केच ताण सोसते.

केवळ कणांची संख्या सारखी असून भागत नाही, हे विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. रक्ताइतकीच कणसंख्या असलेल्या युरियाच्या द्रावणातही तांबड्या पेशी फुटतात. युरिया पटलातून आत शिरतो आणि त्याच्यामागोमाग पाणीही.

मग शरीरातल्या पेशी फुगत का नाहीत? त्यांच्या आत पटलाबाहेर न जाणारी प्रथिने व इतर भारित रेणू असतात, म्हणजे पाण्याची ओढ कायम आतल्या दिशेने असते. तोल सांभाळतो तो सोडियम-पोटॅशियम पंप. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंपैकी एक खर्चून तो सोडियमचे ३ आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. ऑक्सिजन तुटला की एटीपी संपते, पंप मंदावतो, सोडियम आत साचतो आणि पेशी फुगू लागते. इजा झालेल्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पहिल्या बदलांपैकी हा एक. रक्तातला सोडियम झपाट्याने घसरला तर मेंदूच्या पेशीही अशाच फुगतात, आणि कवटीत त्यांना पसरायला जागा नसते.