तार लांबली की व्होल्ट गळतात

ट्रॉली म्हटलं की आपल्याला उसाने भरलेली, ट्रॅक्टरमागे हेलकावत जाणारी ट्रॉली आठवते. अमेरिकेतली ट्रॉली वेगळी. गाडीच्या टपावर स्प्रिंगने वर रेटलेला दांडा, त्याच्या टोकाला खाचेचं चाक, आणि ते चाक वरच्या विजेच्या तारेला खालून चिकटून धावणारं. फ्रँक स्प्रेगने 1888 मध्ये रिचमंड शहरात अशी ट्राम यशस्वी केली आणि पाचच वर्षांत, 1893 मध्ये, ओरेगन राज्यात पोर्टलंड ते ओरेगन सिटी अशी गावं जोडणारी विजेची गाडी सुरू झाली. 'इलेक्ट्रिक वाहन' म्हणजे कालपरवाचा शोध असं मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. पण गावातल्या ट्रामला न छळणारी अडचण इथे आडवी येते. अंगठ्यापेक्षा बारीक, सुमारे 107 चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घ्या. तिचा रोध किलोमीटरला साधारण 0.16 ओहम. गाडीने 100 अँपिअर ओढले की दर किलोमीटरला 16 व्होल्ट तारेतच संपतात. वीजघरातून 600 व्होल्ट निघाले तर 20 किलोमीटरवर उरतात 280! चढावर तर मोटर जास्तच प्रवाह मागते, म्हणजे गळती आणखी वाढते.

जाड तार घालावी, तर तांब्याच्या खर्चात कंपनी बुडायची. 

पुढच्या लांब मार्गांनी तोड काढली ती मला फार आवडते. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक दशांश लागतो. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाने घटते, म्हणजे शंभरावा भाग. व्होल्टेज असं चढवायला-उतरवायला ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो फक्त एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर चालतो. गाडीला मात्र डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उपकेंद्रं आली, आत 'रोटरी कन्व्हर्टर': एकच फिरता आर्मेचर (तारेची वेटोळी गुंडाळलेला गाभा), एका बाजूच्या कड्यांतून एसी आत, दुसऱ्या बाजूच्या कम्युटेटरवरून (प्रवाह एकाच दिशेला वळवणाऱ्या पट्ट्यांच्या कड्यावरून) डीसी बाहेर. त्याच वेटोळ्यात मोटर आणि जनित्र दोन्ही!

आपल्या मुंबईत 1925 मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. आज त्याच रुळांवर 25,000 व्होल्ट एसी आहे, आणि कन्व्हर्टरचं काम लोकलच्या पोटात होतं.