नांगराचा फाळ एकाच बाजूने कडक का हवा?

‘जाड फाळ घ्या, बघायला नको,’ असं अवजारांच्या दुकानात सर्रास सांगतात. जाड फाळ संपायला वेळ लागतो हे खरं, पण टोक बोथट झालं की तो माती कापायचं सोडून रेटायला लागतो आणि ट्रॅक्टर डिझेल खातो.

फाळाला खातो तो मातीतल्या वाळूचा क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं कठीण खनिज. विकर्स मापाने त्याचा कठीणपणा साधारण ११००. साधं मऊ पोलाद १५०च्या आसपास, पाणी दिलेला (तापवून एकदम थंड केलेला) फाळ ५००-६००. म्हणजे लोहाराने कितीही छान पाणी दिलं तरी वाळूचा कण फाळावर ओरखडा काढणारच.

यावर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये पेटंट घेतलं, ते मला फार आवडतं. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) फाळ ओतताना त्याने खालची बाजू झटकन थंड केली. बीड सावकाश निवलं की त्यातला कार्बन वेगळा होऊन ग्रॅफाइटच्या मऊ पापुद्र्यांत बसतो. एकदम निवलं तर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. तो लोखंडाशीच जोडला जाऊन सिमेंटाइट होतो, जवळपास क्वार्ट्झइतकं कठीण. आता नांगरताना वरची मऊ बाजू भराभर झिजते, खालची कडक बाजू पातळ कड होऊन शिल्लक राहते. जमीनच धार लावून देते! उंदराचे दात असेच धारदार राहतात: पुढे कडक एनॅमल, मागे मऊ डेंटिन. दोन्ही बाजू सारख्याच कडक केल्या, तर फाळ टिकेल पण बोथटच टिकेल.

आज हेच काम हार्डफेसिंगने होतं. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने पोलादावर वेल्डिंगचा थर चढवतात. त्यातले कार्बाइडचे कण १५००च्या घरात, म्हणजे क्वार्ट्झलाही भारी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी फिरकेनात. आज उलटी तऱ्हा. ‘नॅनो कोटिंग’चं स्टिकर दिसलं की पैसे मोजायला तयार. थर किती जाड, कुठल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही.

हार्डफेसिंगच्या थरावर केसाएवढ्या आडव्या भेगा दिसल्या तर मात्र वेल्डरशी भांडू नका. इतका कडक थर निवताना आकसतो आणि तडकून ताण सोडतो, त्या चालतात. सुटलेला टवका चालत नाही. आणि दगडाळ रानात हा थर टवके सोडतो, तिथे पाणी दिलेलं चिवट पोलादच बरं.