पोहण्याचा नवा कॉस्च्यूम महिन्यात ढिला का पडतो?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उन्हाळी शिबिराची पहिली बॅच संपत आली की दुकानात तक्रारी सुरू होतात. "आत्ताच तर घेतला होता, आणि हा बघा, मागून झोळ आलाय." कॉस्च्यूम काउंटरवर येतो, सोबत बिल. आम्ही तो दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरतो. चांगलं कापड सोडल्याबरोबर चटकन मूळ जागी येतं. बिघडलेल्या कापडात, विशेषतः बसण्याच्या भागात, केसाहून बारीक पांढरे धागे बाहेर आलेले दिसतात. ते आतल्या लास्टिकचे तुटलेले धागे. ते एकदा तुटले की शिंप्याकडे इलाज नाही आणि आमच्याकडेही नाही. दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, हे ऐन गर्दीत उभ्या उभ्या पटवून देणं आम्हालाही जड जातं आणि तुम्हालाही ते खोटं वाटतं. म्हणून हे लिहून काढलं आहे.

पोहण्याचे बहुतेक कॉस्च्यूम नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचे असतात. लेबल पाहिलंत तर साधारण ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के स्पॅन्डेक्स असं प्रमाण दिसेल. स्पॅन्डेक्स म्हणजे गिऱ्हाईक ज्याला लायक्रा म्हणतं तोच धागा. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो, म्हणून तर कॉस्च्यूम अंगाला घट्ट बसतो. पण क्लोरीन, उष्णता आणि तेल या तिन्हींपुढे हा धागा नाजूक आहे. टँकच्या पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात. पोहायचं म्हटलं की तेवढा क्लोरीन लागणारच, त्याला इलाज नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: टँकमधून बाहेर आल्यावर तो कॉस्च्यूम कुठे जातो?

आमच्या अनुभवात तो स्कूटरच्या डिकीत जातो.

सकाळची बॅच संपते. मूल कुडकुडत बाहेर येतं, शाळेची किंवा क्लासची घाई असते. ओला कॉस्च्यूम ओल्या टॉवेलात गुंडाळून कॅरीबॅगमध्ये, वर गाठ, आणि पिशवी डिकीत. स्कूटर दिवसभर उन्हात. संध्याकाळी घरी आल्यावर आठवण झाली तर पिशवी उघडते, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, टँकवरच. गाठ सोडली की जो कुबट वास येतो तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्या बंद पिशवीत पाणी वाळत नाही, त्यामुळे कापडात राहिलेला क्लोरीन धाग्यावर काम करत राहतो. डिकीतल्या उष्णतेने ते काम आणखी जोरात होतं. वर बुरशीला हवी तशी दमट जागा मिळते. फिक्या रंगाच्या कापडावर आणि अस्तरावर जे काळे ठिपके पडतात ते याच बुरशीचे, आणि ते निघत नाहीत. पाऊण तासाच्या पोहण्याने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं या आठ-दहा तासांत होतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही एक सवय मोडा.

करायचं इतकंच: टँकवरच्या शॉवरखाली कॉस्च्यूम अंगात असतानाच मिनिटभर नीट उभं राहायचं, काढल्यावर नळाखाली पुन्हा एकदा खळखळून घ्यायचा, तळहातांत दाबून पाणी काढायचं आणि जाळीच्या पिशवीत टाकायचा. ही पिशवी डिकीत ठेवू नका, स्कूटरच्या हुकला किंवा सॅकला बाहेरून लटकवा. जाळीची पिशवी आम्ही कॉस्च्यूमसोबत मुद्दाम देतो. बरेच जण ती घरी कांदे-बटाटे ठेवायला वापरतात, त्याला आमची हरकत नाही, पण मग दुसरी घेऊन जा.

काही ग्राहक विचारतात, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतोच की. असतो, पण टँकच्या मानाने फारच थोडा. शिवाय धुताना आपण साचलेला क्लोरीन वाहून काढत असतो. याच कारणाने पाण्यात उतरण्याआधीही शॉवर घ्या. कापड आधीच साध्या पाण्याने भिजलेलं असलं की टँकचं पाणी त्यात कमी मुरतं. अंगावरचा घाम धुतला गेला की टँकलाही बरं. टँकवर डोळ्यांना झोंबणारा जो उग्र वास येतो, तो नुसत्या क्लोरीनचा नसून घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळून तयार झालेल्या द्रव्यांचा असतो.

तेलाबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. क्लोरीनने केस खराब होऊ नयेत म्हणून मुलांना डोक्यापासून पाठीपर्यंत खोबरेल तेल चोपडून पाठवणाऱ्या आया आणि आज्या आम्ही रोज पाहतो. हेतू चांगला आहे. पण ते तेल खांद्याच्या पट्ट्यांत आणि मानेच्या लास्टिकमध्ये मुरतं आणि पट्टे सगळ्यात आधी सैल पडतात. सनस्क्रीनचंही तसंच. केसांना लावायचंच असेल तर थोडं लावा, वर टोपी घट्ट बसवा, आणि सनस्क्रीन अंगात जिरल्यावर मगच कॉस्च्यूम चढवा.

घरी धुताना बालदीत गार पाणी आणि थोडा सौम्य शाम्पू किंवा बाळाच्या कपड्यांचा लिक्विड साबण पुरे. हाताने हलके चुबकायचं. धुण्याच्या वडीने घासायचं नाही, ब्रश तर नाहीच. वास जावा म्हणून कोणी गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजत घालतं, कोणी ब्लीच टाकतं. ब्लीच म्हणजे टँकमधल्याच क्लोरीनचा कितीतरी तीव्र डोस. मशीनमध्ये टाकू नका, ड्रायरमध्ये तर मुळीच नको. कपडे मऊ करणारं लिक्विडही या धाग्याला मानवत नाही. पिळ देऊन पिळू नका, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा. वाळत घालायचा तो सावलीत, आडव्या दांडीवर मधोमध टाकून. पट्ट्यांना चिमटे लावून लटकवला की सगळ्या पाण्याचं ओझं पट्ट्यांवर येतं. कडक उन्हात काळा कॉस्च्यूम बघता बघता तपकिरी होतो. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा, रात्रीत वाळतो. फ्रीजमागच्या गरम जाळीवर वाळवण्याची युक्तीही आमच्या कानावर आली आहे. कृपया नको.

काठाचा उल्लेख करायलाच हवा. पाय पाण्यात सोडून मुलं काठावर बसतात आणि तशीच घसरत आत उतरतात. खरबरीत लादीवर कापड घासून बसण्याच्या जागी बारीक गोळे येतात, मग तिथे कापड विरळ होतं. शिडीने उतरायला सांगा किंवा उडी मारू द्या. वॉटर पार्कच्या घसरगुंडीला आणि लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यावर जुना कॉस्च्यूम न्या. तिथल्या पूलमध्ये औषध किती टाकलंय हे कोण सांगणार? तारकर्ली-मालवणहून परत आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवा. अस्तरात अडकलेली वाळू ओली असताना काढत बसू नका. पूर्ण वाळवा, कापड हलकेच ताणा आणि झटका, बहुतेक वाळू आपोआप पडेल.

आता आमच्या दुकानाच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावर रोज वाद होतो.

पाण्यात गेलेला कॉस्च्यूम आम्ही बदलून देत नाही. आतली स्वच्छतेची पट्टी काढलेली असेल तरी नाही. अंगाला चिकटून बसणारा कपडा आहे, दुसऱ्याने वापरलेला तुम्हाला तरी चालेल का? शिवण उसवली, झिप अडकली, तर तो दोष मालाचा धरून आम्ही विनातक्रार दुरुस्त करून देतो. "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन साइझ मोठा मागितलात तर आम्ही आधी नाही म्हणतो, त्याचा राग मानू नका. नायलॉन पाण्यात आणखी थोडं सैल होतं. दुकानात कोरडा घातल्यावर जो नेमका वाटतो तो पाण्यात ढगळ होतो, त्यात पाणी भरतं आणि मूल पोहण्याऐवजी कॉस्च्यूम वर ओढत राहतं. कोरडा असताना जरा घट्ट वाटला पाहिजे, पण खांद्यावर आणि मांडीवर वळ उमटता कामा नये.

आठवड्यातून पाच-सहा दिवस पोहणाऱ्यांना आम्ही नायलॉन-स्पॅन्डेक्स सुचवतच नाही. त्यांच्यासाठी पॉलिएस्टर आणि पीबीटीचं कापड येतं. पीबीटी हाही पॉलिएस्टरचाच प्रकार, त्याला ताण मुळातच असतो, त्यामुळे स्पॅन्डेक्स लागत नाही आणि क्लोरीनपुढे तो कितीतरी जास्त टिकतो. स्पर्श थोडा राठ आहे, रंग कमी मिळतात आणि किंमत जास्त आहे. महाग माल गळ्यात मारतोय असं वाटणं साहजिक आहे, धंदा आहेच. पण शिबिरापुरतं पोहणाऱ्या मुलाला आम्ही साधाच देतो, महागडा मागितला तरी एकदा विचारतो. रोज पोहत असाल आणि पीबीटी परवडत नसेल तर साधे दोन घेऊन आलटून पालटून वापरा. एक पूर्ण वाळतो तोवर दुसरा कामाला येतो, आणि ओलाच अंगात चढवायची वेळ येत नाही.

टोपी वाळवून आत थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा म्हणजे चिकटत नाही. गॉगलची काच आतून बोटाने पुसू नका, धुकं न धरणारा थर निघून जातो.

कमरेची नाडी, गॉगलचा पट्टा आणि जॅमरच्या (गुडघ्यापर्यंतच्या घट्ट पोहण्याच्या चड्डीच्या) कमरेचं लास्टिक आम्ही दुकानातच बदलून देतो. मे महिन्यात संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळी या. नवीन साइझसाठी जुना कॉस्च्यूम मापाला आणलात तर काम लवकर होतं. फक्त तो धुऊन, वाळवून आणा.