टायटनवरचा मिथेन अजून संपला कसा नाही?

शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन १६५५ साली सापडला, पण त्याला वातावरण असल्याचा पक्का पुरावा हाती यायला १९४४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ गेरार्ड कायपर यांना टायटनवरून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात मिथेनच्या खुणा आढळल्या. मिथेन अवरक्त प्रकाश ठळकपणे शोषतो, म्हणून तो आधी दिसला. दोन सारख्या अणूंचा नायट्रोजन मात्र अशी खूण जवळजवळ ठेवतच नाही. त्यामुळे हे वातावरण मुख्यतः नायट्रोजनचे आहे आणि पृष्ठभागावर त्याचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे दीडपट आहे, हे कळले ते १९८० मध्ये व्हॉयेजर १ यान जवळून गेल्यावर.

वातावरणात मिथेनचा वाटा थोडाच असला, तरी तेथील रसायनशास्त्राचा सारा खटाटोप त्याच्याभोवतीच चालतो. सूर्याचे अतिनील किरण मिथेनचा रेणू फोडतात, त्यातून सुटलेले मिथिल मूलक (हायड्रोजनचा एक अणू गमावलेले मिथेनचे तुकडे) एकमेकांशी जुळून इथेन बनते, आणि हलका हायड्रोजन टायटनच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणातून निसटून अवकाशात जातो. गुरू ग्रहावरही मिथेन असाच फुटतो, पण तेथे हायड्रोजन मुबलक असल्याने आणि खोलवर उष्णता असल्याने तो पुन्हा तयार होतो. टायटनवर परतीची वाट नाही. या हिशोबाने तेथे आज असलेला मिथेन काही कोटी वर्षांत संपायला हवा, आणि सूर्यमालेचे वय तर सुमारे साडेचारशे कोटी वर्षे आहे.

२००४ पासून २०१७ पर्यंत कॅसिनी यान टायटनजवळून शंभराहून अधिक वेळा गेले आणि अनेकदा त्याच्या वातावरणाच्या वरच्या थरांत शिरून तेथील वायू थेट मोजू शकले. सर्वांत मोठा धक्का दिला तो मुळात इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी बनवलेल्या उपकरणाने: सुमारे एक हजार किलोमीटर उंचीवर त्याला हायड्रोजनच्या अणूपेक्षा हजारो पट जड असे ऋणभारित आयन सापडले. टायटनला झाकणारे नारिंगी धुरके खालच्या दाट थरांत तयार होत असावे, असा आधीचा समज होता. त्याची सुरुवात इतक्या वर, जवळजवळ निर्वात म्हणावे अशा जागी होते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि मिथेनच्या मिश्रणाला ऊर्जा दिली की असाच तपकिरी पदार्थ मिळतो. कार्ल सेगन आणि बिशुन खरे या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला ‘थोलिन’ हे नाव दिले. अर्थात प्रयोगशाळेतले थोलिन म्हणजे टायटनवरचे धुरकेच, असे समजणे घाईचे ठरेल.

मिथेनचा पुरवठा कोठून होतो, याचा एक आडवाटेचा धागा कॅसिनीने सोबत नेलेल्या हायगेन्स या अवतरण यानाने दिला. १४ जानेवारी २००५ रोजी खाली उतरताना त्याला हवेत आरगॉन-४० आढळला. आरगॉन वायूचा हा समस्थानिक (ठरावीक वजनाचा प्रकार) खडकांतील किरणोत्सारी पोटॅशियमपासून बनतो. म्हणजे टायटनच्या पोटातले वायू कोठून तरी बाहेर झिरपले आहेत, आणि त्याच वाटेने मिथेनही येत असू शकतो. मात्र मिथेन येण्याचा आणि फुटून इथेन बनण्याचा हा क्रम अब्जावधी वर्षे अखंड चालला असता, तर साचलेल्या इथेनचा समुद्र सगळ्या पृष्ठभागावर पसरायला हवा होता. कॅसिनीच्या रडारला तळी आणि समुद्र दिसले ते मुख्यतः ध्रुवांजवळ, आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यात दिसल्या त्या काळसर वाळूच्या टेकड्या.