रशियन नावातले वडील

पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नर, बीदरपर्यंत फिरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन आपल्याकडच्या इतिहासवाचकांना परका नाही. त्याचं ‘निकितीन’ हे मात्र आजच्यासारखं आडनाव नव्हे. निकिताचा मुलगा, एवढीच ती ओळख. त्वेरच्या साध्या व्यापाऱ्याला याहून जास्त मिळतही नसे.

कारण वडिलांच्या नावाला जोडायचा ‘विच’ हा प्रत्यय मानाचा होता. ‘इवान पेत्रोविच’ म्हणवून घ्यावं राजेरजवाड्यांनी आणि सरदारांनी. इतरांनी ‘इवान पेत्रोव’वर भागवायचं. मिठाच्या धंद्यात गब्बर झालेल्या स्त्रोगानोव घराण्याला 1610मध्ये झार वासिली शुइस्कीनं ‘विच’ लावायची परवानगी दिली, तो व्यापाऱ्यांसाठी फार मोठा मान होता. दुसऱ्या कॅथरीनच्या काळात तर सरकारी कागदावर याची उतरंडच ठरली. सरकारी नोकरीतल्या चौदा दर्जांपैकी वरच्या पाचांना ‘विच’सकट पूर्ण पितृनाम, सहा ते आठला ‘पेत्रोव’सारखं अर्धं, त्याखालच्यांना नुसतं नाव. खुद्द कॅथरीन जन्मानं जर्मन, वडील ख्रिस्तियान ऑगस्ट. पण 1744मध्ये ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारताना ती ‘येकातेरिना अलेक्सेयेव्हना’ झाली. धर्माबरोबर नावातले वडीलही बदलले!

बहुतेक आडनावं या अर्ध्या पितृनामांतूनच रुजली: इवानोव, पेत्रोव. पाद्र्यांच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या शाळेत सणांवरून आडनावं मिळत, म्हणून उस्पेन्स्की, त्रोइत्स्की. सर्वांत उशिरा पाळी आली शेतकऱ्यांची. 1861मध्ये भूदासांची मुक्तता झाली, तेव्हा कित्येकांना आडनावच नव्हतं. आडनाव लावणं हा नुसता हक्क नाही, कर्तव्य आहे, असं सिनेटला 1888मध्ये बजावावं लागलं.

आज ‘विच’ कुणाचीच मिरासदारी नाही, आणि या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. सेर्गेईचा मुलगा सेर्गेयेविच, मुलगी सेर्गेयेव्हना. स्त्रीचं आडनावही वेगळं होतं, इवानोवचं इवानोवा. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावात मधे नवरा येतो. रशियन बाईचं आडनाव बदललं तरी पितृनाम तेच राहतं. अंतराळवीर वालेंतिना व्लादिमिरोव्हना तेरेश्कोवाचे वडील ती अगदी लहान असतानाच युद्धात गेले, तरी चारचौघांत तिला आदरानं हाक मारायची ती ‘वालेंतिना व्लादिमिरोव्हना’ अशीच. शाळेतल्या बाई असोत की दवाखान्यातले डॉक्टर, त्यांनाही नाव आणि वडिलांचं नाव जोडूनच बोलावतात.