'हाडं झिजलीत' म्हणजे नेमकं काय झिजलंय?

"हाडं झिजलीत" असं ऐकून दवाखान्यातून बाहेर आलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारलं, की बहुतेकदा उत्तर येतं, "कॅल्शियम कमी झालंय." मग वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या गोळ्या चालतात आणि गुडघे दुखायचे ते दुखतच राहतात. 'झीज' या एका शब्दात आपण दोन निराळे आजार कोंबलेत. एक सांध्याचा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. दुसरा हाडाचा, ऑस्टिओपोरोसिस. नावंही जुळ्या भावंडांसारखी. हा गोंधळ मला फार खटकतो, कारण त्यात दोघांचंही नुकसान होतं. ज्याचा सांधा बिघडलाय तो भलतीच गोळी घेत बसतो, आणि जिचं हाड खरोखर पोखरलं जातंय तिचं काहीच दुखत नसल्यामुळे तिला कुणी तपासतच नाही.

आधी सांधा. सांध्यात हाडांची टोकं एकमेकांवर थेट टेकत नाहीत, त्यांच्यावर कूर्चेचं गुळगुळीत, चिवट अस्तर असतं. झिजतं ते हे अस्तर. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती गेली की पूर्वीसारखी भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, म्हणून ती झिजायला लागल्याचं सुरुवातीला कळत नाही. दुखायला लागतं ते खालच्या हाडावर ताण आल्यावर आणि सांध्याचं आतलं आवरण सुजल्यावर. त्याच वेळी सांध्याच्या कडांना नवं हाड फुटतं. एक्स-रे पाहून 'हाड वाढलंय' म्हणतात ते हेच. म्हणजे ज्याला आपण हाडांची झीज म्हणतो, तिथे हाड वाढलेलं असतं आणि अस्तराखाली तर नेहमीपेक्षा घट्ट झालेलं असतं. तिथे कॅल्शियम काय करणार?

या दुखण्याची चाल ओळखीची असते. जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना कळ येते, विश्रांतीने बरं वाटतं. सकाळी सांधा आखडतो, पण साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. (तासभर आखडून राहत असेल आणि दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो तिसराच आजार, त्याची औषधं वेगळी.)

उपचारात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन या दोन गोष्टींना मी सगळ्यात वर ठेवेन. गुडघ्याच्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलंय, की वजन एक किलोने उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभराच्या पावलांनी गुणून पाहा. दुर्बिणीने सांधा आतून धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. २००२ साली, सांध्यात काहीही न करता नुसता त्वचेवर छेद घेतलेल्या रुग्णांशी तिची तुलना झाली आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कूर्चा पूर्ण गेली आणि चालणं, झोपणं मुश्कील झालं, की सांधेरोपण. त्याला आपण 'वाटी बदलली' म्हणतो, पण वाटी हे पुढचं छोटं हाड. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची खराब टोकं काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूचं आवरण आणि मध्ये प्लास्टिकचा थर बसवतात. वाटीच्या मागची बाजू कधी बदलतात, कधी नाही. पूर्ण गुडघा बदललेल्यांपैकी दहातल्या सुमारे आठांचा तो २५ वर्षं टिकतो. पाय एकाच बाजूने झिजून वाकडा झाला असेल आणि वय कमी असेल, तर नडगीचं हाड कापून सरळ करतात आणि भार चांगल्या बाजूवर नेतात; मूळ सांधा वाचतो.

आता हाड. हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या नवं भरतात. तिशीच्या आसपास शिल्लक सर्वांत जास्त असते, पुढे हळूहळू खर्च वाढतो. पाळी बंद झाली, की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि विरघळण्याचा वेग एकदम वाढतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांचंही हाड घटतं, मग स्त्री असो वा पुरुष. हाडाची आतली जाळी विरळ होते, पण बाहेरून आकार तोच, दुखणं शून्य. पहिली खूण म्हणजे थेट फ्रॅक्चर. चालता चालता घसरून हातावर पडलं आणि मनगट मोडलं. किंवा वाकून काही उचलताना मणका दबला. कित्येकदा मणका दबल्याचं समजतही नाही. उंची कमी होते, पोक येतं, आणि घरचे म्हणतात, "वय झालं."

साध्या एक्स-रेवर ही घट दिसते तोवर हाडाचा बराच भाग गेलेला असतो. त्यासाठी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी लागते, कंबरेचे मणके आणि खुबा यांची. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. टाचेवर लावायच्या छोट्या यंत्राने अंदाज येतो, निदान होत नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी मात्र उभं राहून काढलेला एक्स-रे हवा, कारण झोपून काढला तर सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.

खुब्यात तर एकाच नावाची शस्त्रक्रिया दोन्ही आजारांत होते. सांधा झिजलेला असेल तर ती ठरवून, सवडीने करतात, आणि मांडीच्या हाडाचा गोळा व त्याची खोबण दोन्ही बदलतात. ठिसूळ हाडाची मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, मोडली असेल तर घाई असते; शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून रुग्णाला उभं करायचं असतं, कारण पडून राहण्यानेच न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. खोबण चांगली असल्याने अनेकदा नुसता गोळाच बदलतात. फरक इथेच संपत नाही. झिजलेल्या खुब्याचं मुख्य दुखणं सांधा बदलला की संपतं. फ्रॅक्चरमध्ये एक मोडलेली जागा दुरुस्त होते, बाकीचा सांगाडा तितकाच ठिसूळ राहतो.

म्हणून तिथे हाड विरघळणं थोपवणारी औषधं लागतात. ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं आणि ते मनाने थांबवायचं नाही. पुढचं औषध न घेता बंद केलं तर मणके दबण्याचा धोका उसळी घेतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व इथे हवंच, पण या औषधांना आधार म्हणून. पुरेसं आहारातून मिळालं तर उत्तमच.

दोन्ही आजार एकाच शरीरात असू शकतात, आणि तेव्हा एक दुसऱ्याला झाकतो. कंबरेच्या मणक्यांना वाढीव हाड फुटलेलं असेल तर डेक्साचं यंत्र तेही मोजतं आणि आकडा आहे त्याहून चांगला येतो. अशा वेळी खुब्याचा आकडा पाहावा लागतो. उलट बाजूने, गुडघारोपण ठरलेल्या बाईचं मनगट पाच वर्षांपूर्वी मोडलेलं असेल, तर ते तिने सर्जनना आपणहून सांगावं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिला डेक्सा करायला कुणी सांगितलं नसेल, तर ती तपासणी अजून बाकी आहे.